पाळकीणबाई म्हणजे नक्की कोण? चर्चमधल्या बायकांच्या हुद्द्याचं भांडण, नागपुरात बसून समजून घेऊ

मागच्या पावसाळ्यात आमच्या चर्चमध्ये एक बाई पाहुण्या म्हणून आल्या, रीतसर ऑर्डिनेशन झालेल्या, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या पाळकाची दीक्षा मिळालेल्या रेव्हरंड. पांढरा कसॉक, गळ्यात स्टोल, संदेश पण त्यांनीच दिला आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, तो पण त्यांनीच केला. उपासना संपल्यावर बाहेर चहा-समोसा होता तिथे एक म्हातारे अंकल मोठ्या अदबीनं पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "सलाम, पाळकीणबाई." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अंकल, आमच्या घरी पाळकीणबाई नाहीच, मी पाळक आहे." बाजूला त्यांचे मिस्टर हातात हेल्मेट घेऊन उभे होते, बँकेत नोकरीला आहेत ते. माझी आत्या म्हणाली, "मग ह्यांना काय म्हणायचं, पाळकीणबुवा?" सगळे हसले.

हसण्यावारी गेलं पण मला ते डोक्यातून जाईना. आपल्या भाषेत पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको, जशी मास्तरची मास्तरीण, पाटलाची पाटलीण. ती जागा आधीच भरलेली आहे. मग जी स्वतःच पाळक आहे तिला काय म्हणायचं, ह्याला शब्दच नाही, म्हणून लोक मॅडम म्हणून मोकळे होतात. आणि त्याच दिवशी अजून एक गोष्ट झाली, एक काका प्रभुभोजनाला उठलेच नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. समोश्याच्या लाईनमध्ये मात्र गुडघा एकदम बरा दिसला.

सोमवारी ऑफिसमध्ये हे सांगितलं तर शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, काहून बे, तुमच्यात बायका पुजारी होतात का? मी म्हटलं हो. मग म्हटलं नाही. मग म्हटलं थांब, हे लिहूनच काढावं लागेल. तर हे घ्या.

आधी एक गैरसमज काढू. बायकांनी चर्चमध्ये काम करावं का, असं भांडण नाहीच. काम तर त्याच करतात. संडे स्कूल कोण चालवतं, आजारी माणसाच्या घरी प्रार्थनेला कोण जातं, ख्रिसमसच्या आधी झाडलोट कोण करतं, प्रभुभोजनाचे ते छोटे छोटे काचेचे कप धुऊन पुसून कपाटात कोण ठेवतं? आमची आत्या चाळीस वर्षांपासून ते कप धुवून राहिली आहे, एक तुटला तर तिलाच कळतं. भांडण आहे तीन जागांचं, आणि मी माझ्या सोयीसाठी त्यांना टेबल, पुलपिट आणि खुर्ची म्हणतो. टेबल म्हणजे भाकर-द्राक्षारसावर आशीर्वाद मागून प्रभुभोजन देणं, पुलपिट म्हणजे उभं राहून सगळ्या मंडळीला, त्यात पुरुष पण आले, वचन शिकवणं, आणि खुर्ची म्हणजे ज्याचं शेवटी चालतं ती जागा, बिशप म्हणा, एल्डर म्हणा. गंमत अशी की प्रत्येक चर्चनं कुलूप वेगळ्या जागी लावलंय आणि त्यामागचं कारण पण प्रत्येकाचं वेगळं आहे. हे एकदा लक्षात आलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

आणि हे बघायला रोम-लंडनला जायची गरज नाही, स्कूटी काढा.

पहिले सेमिनरी हिल्स. तिथे सकाळी फिरायला अर्धं नागपूर जातं पण नाव कशावरून पडलं हे विचारलं तर गाडी अडते. तिथे कॅथलिकांची सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, तिथे मुलं फादर व्हायला शिकतात. मुलंच. कॅथलिकांच्या कायद्यात १०२४ नंबरचं कलम आहे, एका ओळीचं, की बाप्तिस्मा झालेल्या पुरुषाचंच ऑर्डिनेशन वैध. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर लिहूनच टाकलं की बायकांना प्रीस्ट करायचा अधिकार चर्चकडेच नाही. हे नीट वाचा, कारण लोक इथेच चुकतात. बायका कमी हुशार आहेत किंवा अपवित्र आहेत असं ते म्हणत नाहीत, ते म्हणतात येशूनं बारा प्रेषित निवडले ते सगळे पुरुष होते, मिस्सात, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, फादर येशूच्या जागी उभा असतो, आणि ही मांडणी आम्ही केलेली नाही तर आम्ही बदलणार कोण. ह्यावर उलट प्रश्न पण जुनाच आहे, की ते बारा तर सगळे यहुदी पण होते, मग फादर यहुदीच पाहिजे असं का नाही म्हणत? त्यावरही त्यांच्याकडे उत्तर आहे आणि त्या उत्तरावरही प्रश्न आहे, ते आपण सोडू.

म्हणजे कॅथलिकांचं कुलूप टेबलाला आहे. आणि म्हणूनच बाकीच्या ठिकाणी हळूहळू दारं किलकिली होऊन राहिली आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं रीतसर बायकांना दिली, २०२३ च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेत, पहिल्यांदा बायकांनी मत टाकलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सिमोना ब्राम्बिला नावाच्या सिस्टरला व्हॅटिकनच्या एका अख्ख्या खात्याचं प्रमुख केलं, जगभरच्या धर्मसंघांचं खातं. आता बघा, ही बाई खात्याची प्रमुख, तिच्या खात्याखाली हजारो फादर येतात, पण मिस्सा अर्पण करू शकत नाही. बाहेरच्या माणसाला हे विचित्रच वाटणार. आतल्या माणसाला वाटतं की ह्यात विचित्र काय, कारभार वेगळा आणि संस्कार वेगळा. मला विचाराल तर ज्या देशात फादरांपेक्षा सिस्टर कितीतरी जास्त आहेत, शाळा-दवाखाने त्यांच्याच जिवावर चालतात, तिथे हे फार दिवस असं शांतपणे चालणार नाही. डीकन म्हणजे प्रीस्टच्या खालची पायरी, ती तरी बायकांना द्यावी का, हे बघायला फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० अशा दोन वेळा समित्या नेमल्या. समितीवर समिती, आपल्याला काही नवीन नाही ते.

ऑर्थोडॉक्सांचं थोडक्यात सांगतो. कळमेश्वरला त्यांची सेमिनरी आहे, केरळच्या मलंकारावाल्यांची. त्यांचे अच्चन, म्हणजे फादर, लग्न झालेले असू शकतात पण पुरुषच. जुन्या काळी पूर्वेकडच्या चर्चमध्ये स्त्री-डीकन होत्या ह्याचे पुरावे आहेत, आणि २०२४ मध्ये झिम्बाब्वेत ग्रीक परंपरेच्या ऑर्थोडॉक्सांनी एका बाईला पुन्हा डीकन केलं तेव्हा त्यांच्यातच बरीच खळबळ झाली. कळमेश्वरवाले दुसऱ्या शाखेचे, त्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

आता सदरला या. ऑल सेंट्स कॅथेड्रल. इथेच २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनलं, आपण ज्याला सीएनआय म्हणतो. अख्ख्या उत्तर भारताचं चर्च आपल्या नागपुरात जन्मलं आणि नागपूरकरांना संत्र्याशिवाय कशाचा अभिमान नाही. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाचे, होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल आधीच एक झालेले होते, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश मेथॉडिस्ट. अमेरिकन वळणाचे मेथॉडिस्ट पण येणार होते, ते ऐनवेळी मागे फिरले, म्हणून आजही कडबी चौकाकडून मेकोसाबागेत गेलं की वेगळं मेथॉडिस्ट चर्च दिसतं.

हे सांगायचं कारण असं, की एका छताखाली आलेल्या ह्या सहा घरांच्या बायकांबद्दलच्या सवयी सहा प्रकारच्या होत्या. काँग्रिगेशनलवाल्यांनी अमेरिकेत १८५३ सालीच अँटोनेट ब्राऊन नावाच्या बाईला पाळक केलं होतं, आणि अँग्लिकनांच्या घरी तेव्हा हा विषय काढायची पण सोय नव्हती. आता सीएनआयमध्ये तिन्ही जागा कागदावर उघड्या आहेत, बाई प्रेस्बिटर, म्हणजे पाळक, होऊ शकते. दक्षिणेत तर सीएसआयनं, म्हणजे चर्च ऑफ साऊथ इंडियानं, २०१३ मध्ये आंध्रातल्या नंद्याळला पुष्पा ललिता यांना बिशप केलं. इंग्लंडच्या चर्चनं पहिली स्त्री-बिशप केली ती जानेवारी २०१५ मध्ये, लिबी लेन. म्हणजे ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांच्या आधी नंद्याळनं परीक्षा पास केली. त्या इंग्लंडच्या चर्चमध्ये आता २०२५ च्या ऑक्टोबरात कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे अँग्लिकनांमधल्या सगळ्यात मानाच्या पदावर, सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं, पूर्वी नर्स होत्या, इंग्लंडच्या चीफ नर्सिंग ऑफिसर. आणि लगेच जगातल्या कडक अँग्लिकनांचा एक मोठा गट म्हणाला की आता आमचं आमचं वेगळं.

अँग्लिकनांमधली पहिली बाई प्रीस्ट मात्र कुठल्या ठरावानं झाली नाही, गरजेनं झाली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी हाँगकाँग घेतलं, मकावमध्ये निर्वासितांची गर्दी, आणि तिथे एक पण प्रीस्ट पोचू शकेना. फ्लोरेन्स ली टिम-ओई नावाची डीकन बाई तिथे एकटी सगळं सांभाळत होती. हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी विचार केला की लोकांना प्रभुभोजनाविना ठेवण्यापेक्षा हे बरं, आणि जानेवारी १९४४ मध्ये तिला प्रीस्ट केलं. युद्ध संपल्यावर वरचे लोक खवळले. तर तिनं, बिशपला त्रास नको म्हणून, लायसन्स परत दिलं, पण दीक्षा काही परत दिली नाही. १९७१ साली हाँगकाँगनं तिला पुन्हा मान्यता दिली. सत्तावीस वर्षं. आपल्याकडे शेतात, दुकानात पण असंच होतं ना, घरात कोणी नसलं की सगळं बाईच बघते आणि माणूस परत आला की तू आत जा.

आता तिसरा प्रकार, आणि नागपुरात हा वाढून राहिला आहे. जरीपटक्याकडे, हिंगणा रोडला, मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, ड्रमसेट आणि प्लास्टिकच्या खुर्च्या असलेल्या नव्या फेलोशिप. ह्यांच्यात प्रीस्ट वगैरे भानगडच नाही, त्यामुळे टेबलाचं भांडण फारसं नाही. ह्यांचं भांडण पुलपिट आणि खुर्चीचं. काही ठिकाणी पास्टर आणि पास्टरची बायको दोघं मिळून चालवतात आणि तीच जास्त चांगला संदेश देते. पवित्र आत्मा ज्याच्यावर उतरला त्यानं बोलावं, तो बाई-माणूस बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि दुसऱ्या ठिकाणी बाई गाणं म्हणेल, साक्ष देईल, बायकांच्या मीटिंगला शिकवेल, पण समोर पुरुष बसले की माईक नवऱ्याच्या हातात. अमेरिकेतले सदर्न बाप्टिस्ट ह्या दुसऱ्या बाजूचे, त्यांनी २००० साली लिहूनच घेतलं की पास्टर पुरुषच, आणि २०२३ मध्ये सॅडलबॅक नावाचं त्यांचं अवाढव्य चर्च बाई पास्टर ठेवली म्हणून बाहेर काढलं.

ह्या लोकांचा आधार फादरांची परंपरा नाही, थेट बायबल. म्हणून आता बायबल उघडू, नाहीतर लोक म्हणतील फिरवून आणलं आणि मुद्द्यावर आला नाही.

मुख्य दोन वचनं. तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय, तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की बाईनं शिकवावं किंवा पुरुषावर धनीपण करावं हे मी होऊ देत नाही. आणि करिंथकरांना पहिलं पत्र, चौदावा अध्याय, मंडळीत बायकांनी गप्प राहावं. एवढं वाचलं तर विषय संपला. पण त्याच करिंथकरांच्या पत्रात अकराव्या अध्यायात तोच पौल सांगतो की बाईनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं. म्हणजे ती बोलतच होती, नाही का? गप्प बसणाऱ्या बाईला पदर घे असं कोण सांगेल? इथून दोन पार्ट्या होतात. एक म्हणते की बोलायला ना नाही पण अधिकारानं शिकवायला ना आहे, आणि पौलानं कारण म्हणून आदाम आधी निर्माण झाला असं दिलंय, म्हणजे हे त्या गावापुरतं नाही, सृष्टीपासूनचं आहे. हा मुद्दा हलका नाही, त्याला हसू नये. दुसरी पार्टी म्हणते तीमथ्याचं पत्र इफिस शहराला गेलंय, तिथे खोट्या शिकवणीची गडबड होती, आणि धनीपणासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय तो अख्ख्या नव्या करारात त्या एकाच ठिकाणी येतो, त्याचा अर्थ साधा अधिकार की दादागिरी ह्यावर अजून पंडितांचं एकमत नाही, आणि एका शब्दावर अर्ध्या मंडळीचं तोंड बंद करायचं का?

मग नावं येतात. रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय हा नुसत्या सलामांचा अध्याय आहे, आपण वाचताना सोडून देतो, पण खरा माल तिथे आहे. फिबी, किंख्रियातल्या मंडळीची. तिच्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तोच शब्द पुरुषांसाठी आला की इंग्रजीतल्या जुन्या बायबलनं डीकन असं भाषांतर केलं आणि फिबीला मात्र नोकर-चाकराचा शब्द दिला. आपल्या मराठीत ती सेविका आहे, पुरुष सेवक आहे, तसं बघितलं तर न्याय झाला, पण सेविका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अंगणवाडी सेविका येते, काम ढीगभर आणि मानधनासाठी मोर्चा. सेवक म्हटलं की मात्र देवाचा सेवक, एकदम वजनदार. त्याच अध्यायात युनिया आहे, प्रेषितांमध्ये नामांकित असं पौल म्हणतो. चौथ्या शतकातला ख्रिसोस्तोम बिशप, जो काही बायकांचा फार कैवारी नव्हता, तो पण तिला बाई समजूनच वाखाणतो. पुढे शेकडो वर्षांनी कोणाला तरी वाटलं की बाई प्रेषित कशी असेल, आणि तिच्या नावाला शेपूट लावून पुरुष केला. आता परत बाई झाली आहे. आणि येशूची शिष्या मग्दालेची मरीया तर आहेच, पुनरुत्थानाची बातमी येशूनं तिच्याच हाती पाठवली.

ह्या सगळ्यात आपल्या मराठी माणसांना सगळ्यात जवळची बाई मात्र कोणी आठवत नाही, म्हणून इथे जरा जास्त थांबतो. पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनहॅमच्या बायकांच्या कॉलेजात होत्या, संस्कृत पंडित, तर पुरुष विद्यार्थ्यांना पण शिकवतील असा विषय निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी पत्रं लिहून हरकत घेतली, की हे बरं दिसणार नाही. रमाबाईंनी उत्तर दिलं त्याचा भाव असा की मोठं नवल वाटतं, माझ्या आईनं आणि मी तरुण मुलांना शिकवलं तर माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानं घेतली नाही, आणि इंग्रज लोक घेऊन राहिले! दुसऱ्या एका पत्रात तर म्हणाल्या की एका पुरोहितशाहीचं जू आत्ताच मोठ्या कष्टानं मानेवरून काढलंय, लगेच दुसरं घालून घेणार नाही. १८८५ च्या आसपासचं हे आहे. धर्म बदलला म्हणून बाईनं डोकं गहाण टाकलं असं समजणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांनी हे वाचावं.

आणि पुढे त्याच बाईनं दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये जायच्या आधी काम पुरं केलं, आणि ते छापण्याचं काम पण तिथल्या बायकांनीच केलं. जरा डोळ्यासमोर आणा. तीमथ्याच्या पत्रातलं ते वचन, बाईनं शिकवू नये, ते ग्रीकमधून मराठीत लिहिणारी बाई, खिळे जुळवणारी बाई, कागद उचलणारी बाई. तिला कोणी कधी रेव्हरंड म्हटलं नाही.

नागपुरात पण अशीच एक गोष्ट दिसते, सीताबर्डीचं म्युर मेमोरियल हॉस्पिटल, स्कॉटिश मिशनचं, बायकांसाठी सुरू झालेलं. त्या काळी ज्या बाईला स्वतःच्या देशात पुलपिटवर चढू देत नसत ती इथे येऊन दवाखाना चालवायची, हिशोब बघायची, बायबल शिकवायची, कारण मिशनच्या भाषेत ते पुलपिट नव्हतं, सेवा होती.

मी कोणत्या बाजूचा हे एव्हाना कळलंच असेल. पण त्या न उठलेल्या काकांवर मला राग नाही हे पण सांगतो. पुढच्या रविवारी मी त्यांना सरळ विचारलं, काका, बायबलमुळे की कशामुळे? ते बराच वेळ गेटजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "बायबलचं मला काय कळतं रे, साठ वर्षं एका आवाजात ते शब्द ऐकले, आवाज बदलला तर वाटलं आपलं नाहीच हे." पंडित लोक ग्रीक शब्दांवर भांडतात आणि मंडळीत निम्मं भांडण कानाचं असतं. शनिशिंगणापूरला २०१६ मध्ये चौथऱ्यावर बायका चढल्या तेव्हा पण बरेच जण शास्त्राचं नाव घेत होते आणि सवयीचं बोलत होते.

त्या रेव्हरंड बाई डिसेंबरात परत येणार आहेत. पास्टोरेट कमिटीत आता चर्चा पत्रिकेवर काय छापायचं ह्याची. कोणी म्हणतं पाळक मॅडम, कोणी म्हणतं नुसतं रेव्हरंड लिहा, झंझट नाही. आत्याला विचारलं तर ती कप पुसता पुसता म्हणाली, "पाळक लिहा ना. आणि ह्यावेळी कप धुवायला तिच्या नवऱ्याला पाठवा माझ्याकडे, मी शिकवते त्याला."